लाकडी पूल कुजू नये आणि जळूही नये, तर करायचं काय?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ओढ्यावरच्या एका लाकडी साकवाची देखभाल आमच्या चालणाऱ्यांच्या गटाने अंगावर घेतली आहे. नऊ मीटर लांब, दोन जाड तुळया, त्यांवर आडव्या फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा. वाहनं नाहीत, फक्त माणसं. बांधून अकरा वर्षं झाली. लांबून अजून देखणा दिसतो. जवळ गेलं की कठड्याचा एक खांब हलतो, दोन फळ्या पायाखाली दबतात आणि एका तुळईच्या टोकाशी खालून पांढरट जाळी धरली आहे.

दुसरी भीती आगीची. मागच्या उन्हाळ्यात काठावरचं वाळलं गवत पेटलं. आग पुलाच्या अगदी तोंडाशी आली आणि वारा फिरला म्हणून वाचलो.

तर प्रश्न असा, की एकदा मारलं की दहा वर्षं बघायला नको, असं एखादं औषध आहे का? आणि तेच आगीलाही चालेल का? गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो जळकं ऑइल मारा, दुसरा म्हणतो वर छप्पर घाला. तिसऱ्या तटात मी एकटाच आहे आणि मला काहीच कळत नाही.

खडूस_काका

असं औषध मिळालं तर मलाही कळवा. गुडघ्यांना लावीन म्हणतो.

अर्धवट_सुतार

औषधाचं नंतर बघू. आधी लाकूड कुजतं म्हणजे काय होतं ते बघा, कारण तिथेच निम्मं उत्तर आहे.

कुजणं म्हणजे बुरशीचं जेवण. तिला चार गोष्टी लागतात: लाकूड, हवा, बेताची ऊब आणि पाणी. यातलं लाकूड तुम्ही काढू शकत नाही, कारण मग पूलच राहत नाही. हवा आणि ऊब तुमच्या हातात नाहीत. उरलं पाणी. लाकडातला ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही. २८-३० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथेच मुक्काम केला, की सुरू. पावसात भिजून दोन दिवसांत वाळणारं लाकूड कित्येक वर्षं टिकतं. जिथे पाणी शिरतं पण निघत नाही, तिथे रोग.

अशा जागा ठरलेल्या असतात. फळी तुळईवर टेकते तो सांधा. बोल्टचं भोक. कठड्याच्या खांबाचं बूड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाकडाचं कापलेलं टोक. झाड उभं असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढतं, त्याच नळ्या टोकाला उघड्या पडतात. पृष्ठभागावरून जेवढं पाणी आत जातं त्याच्या कितीतरी पट टोकातून जातं.

तुमचा खांब हलतोय तो बुडाशी, फळ्या दबतायत त्या खिळ्यांपाशी, जाळी आहे ती तुळईच्या टोकाला. तिन्ही पत्ते बरोबर जुळतात. ती पांढरट जाळी कोळ्याची नसून बुरशीची असावी. एक विचारतो: तुळयांची टोकं काठावर कशी टेकवली आहेत? काँक्रीटमध्ये गाडली आहेत का?

रांगडा_गडी

एवढं शास्त्र कशाला. जळकं ऑइल मारा, वर्षातून एकदा. आमच्या कुंपणाचे खांब त्यावरच पंधरा वर्षं उभे आहेत.

जलपर्णी

रांगडा, ओढ्यावरच्या पुलाला जळकं ऑइल? पहिल्या पावसात ते सगळं पाण्यात जाणार. इंजिनातल्या धातूंचा गाळ असतो त्यात. खाली मासे आहेत, बेडूक आहेत. कुंपण आणि ओढा यांत काही फरक आहे की नाही?

अर्धवट_सुतार

जलपर्णीताईंशी सहमत. शिवाय ऑइल बुरशीला मारत नाही. पाणी थोडे दिवस बाहेर ठेवतं एवढंच. खांब टिकले ते बहुधा चांगल्या लाकडाच्या गाभ्याचे असणार. सागाचा गाभा मुळातच टिकाऊ असतो. त्याच सागाचा कडेचा पांढरा भाग मात्र चार पावसांत भुसभुशीत होतो. लोक 'साग आहे' म्हणून निर्धास्त होतात आणि फळी निघते निम्मी पांढरी.

काडेपेटी

आणि आगीच्या दृष्टीने म्हणाल तर ऑइल पाजलेली फळी म्हणजे वात.

(नावावर जाऊ नका, माझं काम आग लागू न देण्याचं आहे.)

रांगडा_गडी

बरं बाबांनो, ऑइल मागे घेतो. खांबांचं श्रेय झाडाला.

मुग्धा_सांज

छप्पर घालायचं म्हणणाऱ्यांना हसू नका. अमेरिकेतल्या पहिल्या छपराच्या पुलाची गोष्ट हीच आहे. फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर टिमथी पामर या सुताराने मोठा लाकडी पूल बांधला, १८०५ साली खुला झाला. पूल कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी आग्रह धरला की याला छप्पर आणि बाजूने फळ्यांच्या भिंती हव्यात. पामरचाही अंदाज असा, की उघडा पूल दहाबारा वर्षं टिकेल आणि झाकलेला तीस-चाळीस. यात रसायन कुठलंच नाही, नुसतं पाणी बाहेर ठेवायचं.

पुढे तिकडे छपराच्या पुलांची रीतच पडली. गंमत म्हणजे हिवाळ्यात बर्फ पडल्यावर पुलात बर्फ नसे म्हणून घसरगाड्या अडत. मग माणसं लावून पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरायचे.

खडूस_काका

म्हणजे आधी छप्पर घालून पाणी बाहेर ठेवायचं आणि मग पगार देऊन तेच पाणी फावड्याने आत टाकायचं. सरकारी काम असणार.

काडेपेटी

मुग्धाताई, त्या फिलाडेल्फियाच्या पुलाचं पुढे काय झालं तेही सांगा की. १८७५ साली जळाला. त्याच नदीवर थोडं वर लुईस वर्नवॅगचा १८१२ चा प्रचंड कमानी पूल होता, 'कोलोसस'. तोही झाकलेला. १८३८ मध्ये जळून खाक.

छपराची गोची इथेच आहे. कुजण्यापासून वाचवणारं छप्पर आगीत धुराड्याचं काम करतं. उघड्या पुलाखाली काही पेटलं तर धग वर निघून जाते. झाकलेल्या पुलात ती छपराखाली अडते, आडवी धावते आणि काही मिनिटांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते. छपराखालचं लाकूड वर्षानुवर्षं कोरडं असतं, वर कोळ्याची जाळी, पाखरांची घरटी, धूळ.

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा कापेलब्र्युकं घ्या. चौदाव्या शतकातला पूल, छपराखाली तिकोनी चित्रांची रांग. १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री पेटला आणि बहुतेक चित्रं गेली. कारण शेवटपर्यंत पक्कं ठरलं नाही, संशय सिगारेटच्या थोटकावर. आठ महिन्यांत पुन्हा उभारला, पण चित्रं ती चित्रंच. चीनच्या फुजियान प्रांतातला वान'आन पूल, ९८ मीटर लांब, ६ ऑगस्ट २०२२ ला जळाला. त्याच प्रांतातला युचिंग पूल २०११ मध्ये. अमेरिकेत आयोवातला सीडर ब्रिज २००२ मध्ये कुणीतरी पेटवला, लोकांनी पुन्हा बांधला, २०१७ मध्ये पुन्हा पेटवला. आता तिसरा उभा आहे.

पायवाट

बापरे. म्हणजे छप्पर घालायचं की नाही?

काडेपेटी

नऊ मीटरच्या पायी पुलाला मी घालणार नाही. जिथे ऐतिहासिक पूल छपरासकट आहे तिथे छप्पर ठेवायचं आणि आगीचा वेगळा बंदोबस्त करायचा: उष्णता ओळखणारी तार, कॅमेरा, रात्री दिवा, आणि आपोआप सुटणारे फवारे. थंड मुलखात फवाऱ्याच्या नळ्यांत पाणी गोठतं म्हणून नळ्या कोरड्या ठेवतात, आग लागली की मगच पाणी येतं.

खडूस_काका

आणि फवारा गळका निघाला की लाकूड कुजतं. चक्र पूर्ण.

काडेपेटी

काका, विनोद म्हणून लिहिलंत, पण गळक्या नळीखाली तुळई कुजलेली मी स्वतः पाहिली आहे. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मुग्धा_सांज

पूर्ण छप्पर नको असेल तर प्रत्येक तुळईला स्वतःची टोपी घालता येते ना? तुळईच्या माथ्यावर पत्रा, दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर काढून खाली मुडपलेला, म्हणजे पाण्याची पागोळी लाकडापासून लांब पडते. फळ्या त्याच्यावर.

अर्धवट_सुतार

मुग्धाताई, अगदी हेच लिहायला आलो होतो. पूर्वी याला सुतार 'लाकडाला वळचण देणं' म्हणायचे की नाही ठाऊक नाही, पण मी म्हणतो. तुळईच्या टोकाला, खांबाच्या डोक्याला, जिथे जिथे कापलेला छेद आकाशाकडे बघतोय तिथे टोपी. खांबाचं डोकं सपाट कापू नका, तिरकं कापा.

दुसरं, फळ्यांमध्ये सात-आठ मिलिमीटरची फट हवीच. घट्ट बसवलेल्या फळ्या बघायला छान वाटतात, पण त्यांच्या खाली तुळई कधीच वाळत नाही.

ट्रॅकवरचा

निवृत्त रेल्वेवाला. लाकडी पुलांवर बराच काळ काढला म्हणून लिहितो.

जगभर रेल्वेने लाकडी घोडे उभे करून हजारो पूल बांधले. उंच दरी, खाली खांबांचं जंगल. तिथे दोन्ही शत्रू रोज हजर. वाफेच्या इंजिनातून निखारे पडत, नंतर डिझेल आलं तरी ब्रेकच्या ठिणग्या राहिल्याच. त्यामुळे जुन्या लोकांनी ज्या युक्त्या केल्या त्या सगळ्या साध्या होत्या. पुलावर ठरावीक अंतराने पाण्याची पिंपं आणि बादल्या. आडव्या तुळयांच्या माथ्यावर पत्रा, म्हणजे निखारा थेट लाकडावर टिकू नये. काही पुलांवर लाकडी तक्तपोशी करून त्यावर खडी अंथरत. आणि पुलाखालचं गवत-झुडूप साफ ठेवण्याचं काम वर्षभर.

लक्षात घ्या, पत्रा निखाऱ्यासाठी होता आणि पाणीही तोच अडवत होता. मुग्धाताईंची टोपी म्हणजे तीच.

आता उलटी गोष्ट. तुळईच्या माथ्यावर, सांध्यात, भेगांत पाचोळा साचतो. पावसाळ्यात तो ओला बोळा होऊन बसतो आणि लाकूड कुजवतो. उन्हाळ्यात तोच वाळून भुसा होतो, खाली कुजकं मऊ लाकूड. उडत आलेला एक निखारा तिथे बसला की धुमसायला लागतो. निरोगी जाड तुळईवर तोच निखारा पडला तर डाग पाडून विझतो. माझ्या पाहण्यात बहुतेक पूल असेच पेटले, कुजक्या जागेपासून. म्हणून आमचे मुकादम नव्या माणसाच्या हातात पहिल्यांदा झाडू द्यायचे, हातोडा नंतर.

पायवाट

ट्रॅकवरचा काका, हे फार कामाचं. आम्ही अकरा वर्षांत एकदाही झाडलेला नाही. वरून झाडतो, फटींतून नाही.

काडेपेटी

+१. झाडू हे एकच औषध दोन्हींवर चालतं, तुमच्या पहिल्या प्रश्नाला इतकंच उत्तर पुरे.

काठाबद्दलही. गवताची आग पुलाला पोचते ती गवतातूनच. दोन्ही टोकांना आणि पुलाखाली पाच-दहा मीटर पट्टा गवत-झुडपांशिवाय ठेवा, जमलं तर दगड-खडी अंथरा. कॅनडात मायरा कॅनियनमध्ये जुन्या रेल्वेचे अठरा पूल होते, सोळा लाकडी आणि दोन पोलादी. २००३ च्या वणव्यात लाकडींतले बारा गेले. ते पुन्हा बांधून २००८ मध्ये रस्ता खुला झाला. वणवा तेवढा मोठा असेल तर पट्ट्याने भागत नाही हे खरं, पण तुमच्याकडची आग गवताची होती.

शंकेखोर

मला एक कळत नाही. लाकूड जळतं हे माहीत असून पूल लाकडाचा करायचाच कशाला? लोखंडाचा करा, विषय संपला.

काडेपेटी

इतका सरळ नाही विषय. जाड लाकूड पेटलं की वरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला धग लागू देत नाही. मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या गतीने आग आत सरकते. अर्ध्या तासात एका बाजूने वीसेक मिलिमीटर. २०० मिलिमीटर रुंदीच्या तुळईला दोन्ही बाजूंनी आग लागली तरी अर्ध्या तासाने आत १५० पेक्षा जास्त शाबूत लाकूड असतं, आणि ते भार उचलतं. पोलाद ५५०-६०० अंशांना आपली निम्मी ताकद घालवतं आणि वाकतं.

पण हे जाड लाकडाचं. ४० मिलिमीटरची फळी, बारीक कठडा, चिरफाळलेला खांब, यांना हा फायदा नाही. आणि जोडणीला लोखंडी पट्ट्या-बोल्ट उघडे असतील तर तेच धग आत घेऊन जातात. पूल पडतो तो सांध्यात.

शंकेखोर

म्हणजे लाकूड जळून लाकूड वाचवतं. पटलं नाही, पण वाक्य आवडलं.

जलपर्णी

मग आधीच वरून जाळून ठेवलं तर? जपानी लोक भिंतीच्या फळ्या जाळून काळ्या करतात तसं.

अर्धवट_सुतार

भिंतीच्या फळीवरून पाणी घसरून जातं. तुळईत भेगा पडणारच, आणि भेगेच्या आत कोळसा नाही. बुरशी कोळसा खात नाही, पण ती दारावर थांबून विचारतही नाही, भेगेतून आत जाते. पुलाच्या तुळईला मी ते औषध धरणार नाही.

निळसर

रसायनांवर कुणीच बोलत नाहीये, मी बोलतो. थोडं लांबेल.

लाकडात औषध भरायचं म्हणजे वरून ब्रश मारायचं नाही. ब्रशचं औषध मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातं, पहिली भेग पडली की आतलं कोरं लाकूड उघडं. खरं काम दाबाने होतं: लाकूड लोखंडी टाकीत बंद करायचं, हवा ओढून घ्यायची, औषध सोडायचं आणि दाब द्यायचा. जॉन बेथेलने १८३८ साली इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं, डांबरतेलासाठी, म्हणजे क्रिओसोटसाठी. रेल्वेचे काळे स्लीपर आठवा, वास आठवेल.

दुसरं मोठं औषध आपल्याकडचं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, डॉ. सोंठी कामेशम यांनी १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधलं. आर्सेनिकचं 'आस' आणि तांब्याचं 'कू' जोडून त्याला 'आस्कू' नाव पडलं. क्रोमियममुळे तांबं आणि आर्सेनिक लाकडाला धरून राहतात, पावसाने सहज धुपत नाहीत. जगभर विजेचे खांब आणि पूल त्यावर उभे राहिले. आर्सेनिकमुळे आता अमेरिका-युरोपात घरगुती वापरातून ते काढलं आहे. हात लागतो तिथे, म्हणजे कठड्याला, ते नकोच. डांबरतेलही नको.

तिसरं टाकणखाराच्या कुळातलं, बोरेट. माणसाला त्या मानाने सौम्य, बुरशीला आणि वाळवीला कडक. मोठी खुबी अशी की ते ओल्या लाकडात स्वतःहून पसरतं. तुळईत भोक पाडून बोरेटची कांडी बसवली की ओल जिथे पोचेल तिथे औषधही पोचतं. दोषही तोच. उघड्या पावसात हळूहळू धुऊन जातं, म्हणून भोकाला बूच मारायचं आणि काही वर्षांनी कांडी बदलायची.

आणि एक नियम: कापणं, भोकं पाडणं सगळं आधी, औषध नंतर. दाबाने औषध भरलेली महाग तुळई आणून जागेवर करवतीने टोक कापलं, की औषध नसलेला गाभा उघडा केला. कापावंच लागलं तर त्या छेदावर तांब्याचं नॅफ्थेनेट दोनतीनदा पाजायचं.

काडेपेटी

निळसर, मस्त. त्यात आगीचं जोडतो, कारण पायवाट यांचा दुसरा प्रश्न तोच होता.

तांबं-क्रोमियम-आर्सेनिकवाल्या लाकडाची एक वाईट खोड आहे. ज्वाळा विझल्या तरी ते आतून धुमसत राहतं. वणवा पुढे गेला, माणसं घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी खांब बुडाशी जळून आडवा. तांबं आणि क्रोमियम त्या धुमसण्याला मदतच करतात. उरलेल्या राखेत आर्सेनिक असतं, ती राख हाताने उचलायची नाही, जनावरांना तिथे जाऊ द्यायचं नाही. म्हणून असा पूल पेटून विझला तर पाण्याची पाळी रात्रभर ठेवा.

बोरेट जास्त प्रमाणात भरलं तर आगीलाही थोपवतं. पण उघड्यावर धुपतं, वर सांगितलंच आहे. आग थोपवणारे फॉस्फेटवाले क्षारही तसेच, पाण्यात विरघळणारे. उघड्या पुलाला पावसात न धुपणारा प्रकारच लागतो, तो दाबाने भरलेला मिळतो. विकणाऱ्याला 'बाहेर चालेल का' एवढंच विचारू नका, 'पावसात धुपल्यावरची चाचणी दाखवा' म्हणा.

फुगणारे रंगही आहेत. दोनशे अंशांच्या आसपास ते फुगून फेसाचा जाड थर होतात. छपराखाली उत्तम. उघड्यावर वरून संरक्षक थर हवा आणि ठरल्या वेळी पुन्हा द्यावा लागतो. रेल्वेवाले आता लाकडी खांबांना फुगणारं लेपन दिलेली पोलादी जाळी गुंडाळतात. एरवी हवा खेळते, धग लागली की जाळीची भोकं बुजतात. मला हा प्रकार फार आवडतो, कारण खांब वाळायला मोकळा राहतो.

ट्रॅकवरचा

जाळीबद्दल सहमत. पूर्वी आम्ही खांबांना पत्रा गुंडाळून पाहिला होता. आत घाम धरून खांब पत्र्यामागे गुपचूप कुजले.

खडूस_काका

रंग दिलेल्या पुलाचा माझा अनुभव. एका ठेकेदाराने पुलाला चकचकीत जाड रंग दिला, सगळे खूश. तीन वर्षांनी कठड्याला टेकलो तर अंगठा आत. वरून रंग, आतून रवा. रंगाला भेग पडली, पाणी आत गेलं, रंगाने ते बाहेर येऊ दिलं नाही.

गुडघ्यांचं अजून कुणी सांगितलं नाही, हे नोंदवतो.

जलपर्णी

अवांतर: मेघालयात रबराच्या झाडाची मुळं ओढ्यापलीकडे वळवून पूल वाढवतात. झाड जिवंत असतं म्हणून कुजण्याचा प्रश्नच नाही, उलट दरवर्षी मजबूत होतो. औषध शून्य, रंग शून्य.

शंकेखोर

आणि तयार व्हायला?

जलपर्णी

दहा-पंधरा वर्षं. कधी त्याहून जास्त.

शंकेखोर

पायवाट, लावा रोप.

मुग्धा_सांज

अवांतरात माझंही. जपानमध्ये इवाकुनीला किंताईक्यो म्हणून पाच कमानींचा लाकडी पूल आहे. १६७३ मध्ये बांधला, पुढच्याच वर्षी पुराने नेला. पुन्हा बांधला आणि मग १९५० च्या वादळी पुरापर्यंत उभा. पण उभा कसा? कमानी ठरावीक वर्षांनी उतरवून नव्या लाकडाने बांधत आले म्हणून. २००१ ते २००४ मध्येही कमानी बदलल्या. लाकूड कायमचं टिकवायचा हट्टच धरला नाही, बदलायची सोय ठेवली. सुतारांच्या प्रत्येक पिढीच्या हाताखालून तो पूल एकदा तरी जातो.

शंकेखोर

मग त्याला १६७३ चा पूल म्हणायचं का?

अर्धवट_सुतार

म्हणा किंवा नका म्हणू, पण त्यातलं घेण्यासारखं एक आहे. फळ्या स्क्रूने बसवा, खिळ्याने नको. एक फळी कुजली तर शेजारच्या दोन न फोडता काढता आली पाहिजे. कठड्याचा खांब तुळईच्या बाजूने बोल्टने धरा, मध्ये वॉशर घालून बोटभर जागा सोडा, म्हणजे वारा फिरतो. जो भाग पहिला कुजणार तो बदलायला सोपा हवा.

निळसर

पाण्याखालच्या खांबांचं राहिलं. कायम पाण्यात बुडालेलं लाकूड सहसा कुजत नाही, कारण बुरशीला हवा मिळत नाही. व्हेनिसचा रिआल्तो दगडी पूल १५९१ मध्ये पूर्ण झाला, तो आजही चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंट्यांवर उभा आहे. कुजतो तो पाण्याच्या रेषेवरचा भाग, कधी ओला कधी कोरडा. खाऱ्या पाण्यात मात्र बुडालेला भागही सुरक्षित नाही, तिथे लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे किडे असतात.

पायवाट यांच्या ओढ्यात खांब आहेत का?

पायवाट

नाहीत. नऊ मीटरचा एकच गाळा, टोकं दोन्ही काठांवर. आणि अर्धवट_सुतार यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. हो, गाडलेली आहेत, काँक्रीटमध्ये. वरून माती पण आली आहे.

अर्धवट_सुतार

तीच भीती होती. काँक्रीट ओल धरतं, लाकडाचं टोक ती ओल शोषतं, आणि हवा नाही म्हणून वाळत नाही. तुळईचा मधला भाग ठणठणीत आणि टोक खलास, असं हजारदा घडतं.

या रविवारी पुलावर जाताना एक हातोडा, एक टोचा आणि मिळाला तर ओलावा मोजायचा मीटर न्या. टोकापासून सुरू करून हातभर अंतरावर ठोकत या. निरोगी लाकूड टणक वाजतं. पोकळ किंवा कुजकं असेल तर बद्द आवाज येतो. बद्द आला तिथे टोचा दाबा. चांगल्या लाकडात दोन-चार मिलिमीटर जाऊन अडतो आणि उपसताना लांब रेशे निघतात. कुजक्यात मऊ जातो, तुकडे चौकोनी सुटतात. तुळईच्या खालच्या बाजूनेही बघा, वरून सगळेच पूल तरुण दिसतात.

पायवाट

रविवार झाला. अहवाल.

आधी झाडू. तुळयांच्या माथ्यावरून आणि फटींतून तीन पोती पाचोळा आणि माती निघाली. मातीत चक्क गवत उगवलं होतं, पुलाच्या आत.

मग ठोकत गेलो. चार टोकांपैकी तीन टणक. मीटर मधल्या भागात १५-१६ दाखवतो, या तीन टोकांना २१-२२. चौथ्या टोकाला, जिथे जाळी होती, आकडा ३४. आवाज इतका बद्द की मीटरची गरजच नव्हती. टोचा मुठीपर्यंत गेला. मुठीपर्यंत म्हणजे नऊ सेंटिमीटर. उपसला तर तपकिरी चौकोनी चुरा. तुळई वीस रुंद आहे.

त्याच तुळईवरून गेल्या महिन्यात आमचे बावीस जण एकत्र फोटोसाठी उभे होते.

कठड्याचा खांब बुडाशी गेलाय, दोन फळ्या गेल्यात, बाकी सगळं चांगलं आहे. आता पुढे? कुजकं टोक खरवडून बोरेटच्या कांड्या बसवल्या तर चालेल का?

निळसर

नाही. कांडी पुढचं कुजणं थांबवते, गेलेलं लाकूड परत आणत नाही. नऊ सेंटिमीटर गेलंय म्हणजे त्या टोकाची ताकद गेली. कांड्या उरलेल्या तीन टोकांना बसवा, तिथे आकडा वीसच्या वर आहे, म्हणजे पुढचा नंबर त्यांचाच.

अर्धवट_सुतार

आधी पूल बंद करा. आजच. दोन्ही टोकांना आडवं काहीतरी लावा, नुसती पाटी नको, पाटीला कुणी जुमानत नाही.

मग पूल तपासणारा अभियंता बोलवा. तुळई बदलायची, की कुजका भाग कापून पुढे नवा टेकू द्यायचा, ते भार मोजून ठरतं, इथे लिहून नाही. तुम्ही त्याला एवढं मात्र सांगा: टोक पुन्हा काँक्रीटमध्ये गाडायचं नाही. काँक्रीटच्या वर जाड पॅडवर टेकवायचं, मागे आणि बाजूंना बोटभर हवा, टोकाला टोपी, काठावरची माती तुळईच्या पातळीखाली. उरलेली तीन टोकंही त्याच वेळी मोकळी करून घ्या.

काडेपेटी

आणि तीन पोती पाचोळा काढलात तो काठावरच ठेवला नाहीत ना?

पायवाट

...

काडेपेटी

उचला.

पायवाट

उचलला. दूर नेऊन पसरला. दोन्ही काठांचा पट्टा पुढच्या रविवारी साफ करतोय, दगड अंथरणार आहोत. पूल बंद केला, बांबू आडवे बांधले. अभियंता गुरुवारी येतोय. जळक्या ऑइलवाल्या तटाने झाडूची पाळी स्वतःकडे घेतली आहे, महिन्यातून एकदा, फटींसकट.

रांगडा_गडी

शाबास. तटाचं नाव बदला आता.

खडूस_काका

पूल बंद, मग ओढा ओलांडायचा कुठून?

पायवाट

खालच्या बाजूला दगड आहेत काका, त्यांवरून. शेवाळ आहे, गुडघे सांभाळून.